मृत्यूच्या दारातून परतलेल्यांना काय दिसतं? विज्ञानाची उत्तरं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृत्युसमीप अनुभव म्हणजे नेमकं काय?

हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेली, बुडता बुडता वाचलेली किंवा अपघातातून शुद्धीवर आलेली काही माणसं एकमेकांशी मिळतंजुळतं वर्णन करतात. वेदना अचानक थांबल्या, विलक्षण शांत वाटलं, आपण शरीरातून वर उचलले गेलो आणि खाली आपलाच देह दिसला. पुढे अंधारी वाट आणि टोकाला प्रकाश होता, गेलेली माणसं भेटली, सगळं आयुष्य डोळ्यांपुढून सरकलं आणि मग परत फिरावं लागलं. प्रत्येकाला हे सगळं दिसत नाही. बहुतेकांच्या वाट्याला यातले दोन-चार तुकडे येतात.

अमेरिकेतल्या रेमंड मूडी यांनी १९७५ साली अशा हकिकती पुस्तकरूपाने लोकांपुढे आणल्या आणि तेव्हापासून या अनुभवाला वेगळं नाव मिळालं. १९८३ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ ब्रूस ग्रेसन यांनी १६ प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. ३२ पैकी ७ किंवा अधिक गुण पडले तर तो मृत्युसमीप अनुभव धरायचा. ही पट्टी आजही वापरली जाते. ती अनुभव किती भरीव होता हे मोजते, तो कशामुळे आला याबद्दल काही सांगत नाही.

हकिकती मात्र त्याहून कितीतरी जुन्या आहेत. वाऱ्याच्या वेगाची मोजपट्टी ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते फ्रान्सिस बोफर्ट तरुणपणी, १७९१ साली, पोर्ट्समथ बंदरात बुडता बुडता वाचले होते. धडपड थांबल्यावर आलेली शांतता आणि मागे मागे जात उलगडलेलं आयुष्य यांचं वर्णन त्यांनी पुढे एका पत्रात केलं.

असा अनुभव किती जणांना येतो?

नेदरलँड्समधले हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हान लोमेल यांनी १० रुग्णालयांतल्या ३४४ रुग्णांना विचारलं. सगळ्यांची हृदयक्रिया बंद पडून पुन्हा सुरू झाली होती. त्यांतल्या ६२ जणांना, म्हणजे १८ टक्के लोकांना, काहीतरी आठवत होतं. हा अभ्यास २००१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. बाकीच्या ८२ टक्क्यांना काहीच आठवत नव्हतं, ही त्यातली दुसरी बाजू. ती फारशी सांगितली जात नाही आणि तिचं स्पष्टीकरण देणंही तितकंच अवघड आहे.

हृदय बंद पडलं म्हणजे माणूस गेलाच ना? मग गेलेल्याला अनुभव कसा येईल?

या विषयातला बहुतेक गोंधळ इथे सुरू होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हृदय थांबणं आणि मेंदू मरणं या दोन वेगळ्या घटना आहेत. मेंदू शरीराच्या वजनाच्या २ टक्के असला तरी शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा तोच खर्च करतो. रक्तपुरवठा तुटला की काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि साधारण १० ते २० सेकंदांत डोक्यावर लावलेल्या ईईजीची (मेंदूतल्या विद्युतलहरींच्या नोंदीची) रेघ सपाट होते. पण रेघ सपाट होणं म्हणजे पेशी मरणं नव्हे. पेशी ऊर्जा वाचवायला गप्प बसतात, त्यांच्यातला विद्युतभार अजून शाबूत असतो. बर्लिनचे जेन्स ड्रायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मरणासन्न अवस्थेतल्या ९ रुग्णांच्या मेंदूतल्या नोंदी प्रसिद्ध केल्या. रक्ताभिसरण थांबल्यावर आधी शांतता पसरते आणि काही मिनिटांनी पेशींमधला भार ओसरवणारी एक मोठी लाट येते, असं त्यांत दिसलं. पेशींचा ऱ्हास या लाटेपासून सुरू होतो. रक्त वेळेत परत आलं तर तिथूनही माघार शक्य असते.

या लाटेआधीची शांतताही दर वेळी सरळसोट नसते. मिशिगन विद्यापीठात जिमो बोर्जिगिन यांनी २०१३ मध्ये ९ उंदरांचं हृदय थांबवून मेंदूची नोंद घेतली. पहिल्या ३० सेकंदांत गॅमा लहरी, म्हणजे मेंदूतल्या वेगवान विद्युतलहरी, उसळल्या, त्याही जागेपणी असतात त्याहून अधिक सुसूत्र. २०२३ मध्ये त्यांच्याच गटाने चार माणसांच्या नोंदी मांडल्या. बेशुद्धीत असलेल्या या रुग्णांचा व्हेंटिलेटर कुटुंबाच्या संमतीने काढला होता. चौघांपैकी दोघांत गॅमा लहरी वाढल्या आणि विशेषतः मेंदूच्या मागच्या भागात वाढल्या. स्वप्नं आणि जाणीव यांच्याशी याच भागाचा संबंध लावला जातो. मात्र त्या दोघांना पूर्वी फिट्स येत असत आणि दोघांपैकी कुणीच परतलं नाही. त्या क्षणी त्यांना काही जाणवत होतं का, हे सांगायला कुणी उरलं नाही. चार रुग्णांवरून ‘मरताना मेंदूत दिवाळी होते’ असे मथळे देणं मला पटत नाही.

आता महत्त्वाचा मुद्दा. परतलेली व्यक्ती जे सांगते, ते नेमकं कुठल्या मिनिटाला घडलं? शुद्ध हरपण्याआधीच्या काही सेकंदांत, छाती दाबली जात असताना थोडंफार रक्त मेंदूपर्यंत पोचत होतं तेव्हा, की हृदय सुरू झाल्यावर तास-दोन तास शुद्ध-बेशुद्धीच्या सीमेवर असताना? अनुभवावर घड्याळाचा शिक्का नसतो. स्वप्नातले पाच तास प्रत्यक्षात पाच मिनिटं असू शकतात, तसंच इथेही. ‘मेंदू बंद असताना अनुभव आला’ या विधानातलं ‘असताना’ सिद्ध करणं सगळ्यात कठीण आहे आणि आजवर ते निर्विवादपणे कुणाला जमलेलं नाही.

मरणाच्या जवळ न जाताही असा अनुभव येतो का?

हो, येतो, आणि माझ्या मते या विषयातली ही सगळ्यात बोलकी माहिती आहे. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये ५८ जणांचा अभ्यास आला होता. त्या सगळ्यांना आपण मरता मरता वाचलो असं ठाम वाटत होतं. वैद्यकीय कागदपत्रं तपासली तेव्हा ३० जणांच्या जिवाला प्रत्यक्षात धोकाच नव्हता असं दिसलं. तरी त्यांचे अनुभव बाकीच्या २८ जणांसारखेच होते. फरक एवढाच, की खरोखर मृत्यूच्या जवळ गेलेल्यांनी प्रकाश आणि विचारांची लख्ख स्पष्टता यांचा उल्लेख जास्त केला.

स्विस भूगर्भशास्त्रज्ञ आल्बर्ट हाइम आल्प्समध्ये कड्यावरून पडले होते. नंतर त्यांनी तसेच पडून वाचलेल्या गिर्यारोहकांच्या हकिकती जमवून १८९२ मध्ये छापल्या. पडताना भीती नाही, वेळ लांबलेली, मन शांत, असं बहुतेकांनी सांगितलं. अशा वेळी हृदय धडधडत असतं आणि मेंदूला प्राणवायूची जराही कमतरता नसते. मरणार असं मनाने पक्कं धरलं, तरी ही दारं उघडू शकतात.

साध्या घेरीचंही तेच. १९९४ मध्ये जर्मनीत थॉमस लेम्पर्ट यांनी निरोगी तरुणांना काही सेकंदांची घेरी आणली. शुद्धीवर आल्यावर काहींनी प्रकाश, शांतता, शरीराबाहेर गेल्यासारखं वाटणं, ओळखीची माणसं दिसणं हेच सांगितलं.

बोगदा आणि त्याच्या टोकाचा प्रकाश कुठून येतो?

पटकन उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते ती अनुभवलीच असेल. अंधारी कडेकडून आत सरकते आणि मधलं सगळ्यात शेवटी जातं. लढाऊ विमानांच्या वैमानिकांना मोठ्या चक्रीयंत्रात गरगर फिरवून तयार करतात, तेव्हाही असंच होतं. अमेरिकी सैन्यदलांसाठी जेम्स व्हिनरी यांनी या बेशुद्धीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. डोळ्याच्या आत स्वतःचा दाब असतो. रक्तदाब कोसळला की पडद्यापर्यंत रक्त चढत नाही, आणि कडेच्या भागाची दृष्टी आधी जाते. उरतो तो मधला उजळ गोल. व्हिनरींच्या वैमानिकांनी छोटी स्वप्नं, तरंगणं आणि आनंद यांचीही वर्णनं केली. लांबलचक आयुष्यदर्शन मात्र त्यांत फारसं नव्हतं.

मानसशास्त्रज्ञ सूझन ब्लॅकमोर यांनी दुसरं कारण सुचवलं. दृष्टीच्या केंद्रातल्या पेशींना आवर घालणारी यंत्रणा ढिली पडली की त्या वाटेल तशा उद्दीपित होतात. त्या केंद्रात नजरेच्या मध्यभागासाठी सगळ्यात जास्त पेशी राखलेल्या असल्याने मध्ये झगझगीत आणि कडेला अंधार असं चित्र उभं राहील. हे तर्काला धरून आहे, पण मरणासन्न माणसात थेट तपासलेलं नाही.

शरीराबाहेरून स्वतःलाच पाहणं कसं शक्य आहे?

इथे विज्ञानाची पकड सगळ्यात घट्ट आहे.

‘मी इथे आहे, या शरीरात आहे’ ही जाणीव आपल्याला आयती मिळालेली नसते. डोळे, त्वचा, स्नायू आणि आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा यांच्याकडून येणारी माहिती जुळवून मेंदू ती क्षणोक्षणी तयार करतो. ही जुळणी मुख्यतः कानाच्या वर, थोडी मागे, मेंदूचे शंखखंड आणि पार्श्वखंड हे भाग जिथे मिळतात तिथे होते. ती विस्कटली की ‘मी’ची जागा सरकते.

२००२ मध्ये जिनिव्हात ओलाफ ब्लांके आणि सहकारी ४३ वर्षांच्या एका अपस्माराच्या रुग्णाच्या मेंदूची शस्त्रक्रियेपूर्वी तपासणी करत होते. उजव्या बाजूच्या याच भागात बारीक वीजप्रवाह दिल्यावर ती बाई म्हणाली, की मी गादीत रुतत चालले आहे किंवा उंचावरून पडते आहे. प्रवाह थोडा वाढवल्यावर ती छताजवळ तरंगू लागली आणि पलंगावर पडलेले स्वतःचे पाय व कमरेपासूनचा भाग तिला वरून दिसला. प्रवाह थांबला की सगळं थांबायचं, पुन्हा सुरू केला की पुन्हा तेच. ती पूर्ण शुद्धीत होती आणि डॉक्टरांशी बोलत होती. त्याआधी कॅनडात मॉन्ट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड यांनाही शंखखंडाच्या उद्दीपनातून असे अनुभव आढळले होते. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या जोसेफ परविझी यांच्या गटाने मेंदूच्या दोन अर्धांच्या मधल्या खाचेतला आणखी एक भाग दाखवला. तिथे उद्दीपन दिलं की आपली शरीरातली जागा बदलल्यासारखं वाटतं.

वीजसुद्धा लागत नाही. २००७ मध्ये हेन्रिक एर्सन यांनी, आणि स्वतंत्रपणे ब्लांके यांच्या गटाने, निरोगी लोकांवर प्रयोग केले. एर्सन यांनी माणसाच्या मागे कॅमेरा ठेवून त्याचं चित्र त्याच्याच डोळ्यांवर बसवलेल्या छोट्या पडद्यावर दाखवलं. म्हणजे त्याला समोर स्वतःचीच पाठ दिसत होती. मग त्याच्या छातीला आणि कॅमेऱ्याखालच्या हवेत एकाच वेळी काठी टेकवली. थोड्या वेळात लोकांना आपण मागे बसून पुढच्या ‘दुसऱ्या’कडे बघतोय असं वाटू लागलं. कॅमेऱ्याखालच्या रिकाम्या जागेवर हातोडा उगारला तेव्हा अंगाला घाम फुटल्याची नोंद झाली.

आतल्या कानाचं महत्त्वही ध्यानात घ्यायला हवं. फ्रान्समधल्या क्रिस्तोफ लोपेझ यांनी २०१८ मध्ये चक्कर येणारे २१० रुग्ण आणि २१० निरोगी माणसं यांची तुलना केली. देहबाह्य अनुभव रुग्णांत १४ टक्के आणि निरोगी लोकांत ५ टक्के आढळला. हृदय थांबून आडवं पडल्यावर, डोळे मिटलेले आणि स्पर्श बधिर असताना, ही जुळणी बिघडली तर त्यात नवल नाही.

भीतीऐवजी आनंद का वाटतो? मेंदूतली कुठली रसायनं यामागे आहेत?

एकच रसायन बोट ठेवून दाखवता येत नाही. तीव्र वेदना आणि ताणात शरीर एंडॉर्फिन सोडतं. ते वेदना मारतं आणि हायसं वाटायला लावतं, पण भास निर्माण करण्यात ते कच्चं आहे. केटामाइन जास्त जुळतं. भूल देण्यासाठी आपल्याकडेही वापरलं जाणारं हे औषध मेंदूपेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या ग्लुटामेट या रसायनाचा एक ग्राहक (ते पकडणारी पेशीवरची जागा) अडवतं. त्या भुलेतून उठणारे काही रुग्ण ‘मी शरीर सोडून गेलो होतो’ असं सांगतात. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाच्या शार्लट मार्शियल यांनी २०१९ मध्ये ६२५ मृत्युसमीप हकिकती आणि १६५ पदार्थांच्या नशेची सुमारे १५ हजार वर्णनं यांतले शब्द ताडून पाहिले. सगळ्यात जवळ केटामाइनची वर्णनं निघाली.

डीएमटी या भास घडवणाऱ्या पदार्थाची चर्चाही समाजमाध्यमांवर फार होते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये २०१८ साली १३ जणांना तो दिला गेला आणि तेराही जणांना ग्रेसन पट्टीवर ७ च्या वर गुण पडले. पण ‘मरताना मेंदूतली पीनियल ग्रंथी डीएमटीचा पूर सोडते’ हा दावा माणसात सिद्ध झालेला नाही. उंदरांच्या मेंदूत हा पदार्थ सापडला आहे, एवढंच म्हणता येतं.

कार्बन डायऑक्साइडचाही वाटा असावा. स्लोव्हेनियातल्या ५२ रुग्णांच्या अभ्यासात, अनुभव आलेल्या ११ जणांच्या रक्तात त्याचं प्रमाण जास्त होतं. दुसरीकडे, व्हान लोमेल यांच्या अभ्यासात हृदय किती वेळ बंद होतं आणि कोणती औषधं दिली होती यांचा अनुभवाशी संबंध लागला नाही. ‘प्राणवायू कमी पडला, संपलं’ असं म्हणून हा विषय झटकता येत नाही, तो यामुळेच.

याचा झोपेशी काही संबंध आहे का?

आहे, असं दिसतं. स्वप्नं पडतात त्या झोपेत स्नायू सैल पडलेले असतात आणि डोळे मिटलेल्या पापण्यांमागे हलत असतात. कधी ही अवस्था जागेपणात घुसते. पहाटे जाग येते, हातपाय हलत नाहीत, खोलीत कुणीतरी आहे किंवा छातीवर बसलंय असं वाटतं. केंटकीतले मेंदूविकारतज्ज्ञ केव्हिन नेल्सन यांनी २००६ मध्ये मृत्युसमीप अनुभव आलेल्या ५५ आणि इतर ५५ लोकांना याबद्दल विचारलं. पहिल्या गटात ६० टक्के लोकांना असं कधी ना कधी झालं होतं, दुसऱ्यात २४ टक्क्यांना. अठरा टक्क्यांनाच अनुभव का येतो, याचं थोडंसं उत्तर इथे असू शकेल. काहींच्या मेंदूत जाग आणि स्वप्न यांच्यातली भिंत मुळातच पातळ असावी.

पाश्चात्त्यांना बोगदा दिसतो, मग आपल्याकडे यमदूत का दिसतात?

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतल्या सतवंत पसरीचा यांनी इयान स्टीव्हन्सन यांच्यासोबत उत्तर भारतातल्या १६ हकिकती १९८६ मध्ये मांडल्या. त्यांत बोगदा नव्हता. यमदूत न्यायला येतात, चोपडी उघडली जाते, हिशेबनीस पाहतो आणि म्हणतो, ‘हा तो नव्हे, त्याच नावाचा दुसरा आणायला सांगितला होता.’ मग माणसाला परत पाठवतात. गावोगाव आजीच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींशी हे किती जुळतं! अमेरिकी माणसाला मात्र परत पाठवताना वडील किंवा आजी सांगतात, की तुझी वेळ अजून आली नाही.

सांगाडा सारखाच आहे. कुणीतरी भेटतं, सीमा येते, तिथून मागे फिरावं लागतं. त्यावरचं मांस त्या-त्या घरातल्या संस्कारांचं. मेंदू अर्धवट जाणिवांना अर्थ देताना आपल्याकडच्या ओळखीच्या गोष्टीच वापरणार. उलट बाजूने कुणी म्हणेल, की एकाच सत्याची ही वेगवेगळी रूपं आहेत. पण मग कागदोपत्री चूक करणारा चित्रगुप्त अमेरिकी हकिकतींत का आढळत नाही, याचं उत्तर द्यावं लागेल.

शस्त्रक्रियेत बेशुद्ध असताना पाहिलेलं खरं निघाल्याच्या घटनांचं काय?

सगळ्यात गाजलेली घटना १९९१ ची, ॲरिझोनातल्या फिनिक्सची. मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा काढण्यासाठी रॉबर्ट स्पेट्झलर यांनी एका गायिकेचं शरीर सुमारे १५–१६ अंशांपर्यंत थंड केलं, हृदय थांबवलं आणि डोक्यातलं रक्त काढून घेतलं. नंतर तिने कवटी कापणाऱ्या यंत्राचं आणि डॉक्टरांच्या संभाषणाचं वर्णन केलं. ऐकणारा थक्क होतो. पण शस्त्रक्रियेचा तक्ता काढून पाहिला तर पडताळता येणाऱ्या या गोष्टी हृदय थांबवण्याच्या बऱ्याच आधीच्या आहेत. तेव्हा शरीर थंड केलेलं नव्हतं आणि ती भुलेखाली होती. भुलेत क्वचित जाग येते, हे भूलतज्ज्ञांना माहीत आहे. तिच्या कानांत आवाज करणारी बटणं होती, म्हणून बोलणं ऐकू येणं अशक्य होतं असा प्रतिवाद केला जातो, आणि तो वाद अजून चालू आहे. मला वेळेचा मुद्दा जास्त वजनदार वाटतो.

खरी कसोटी अतिदक्षता विभागातले डॉक्टर सॅम पार्निया यांनी लावायचा प्रयत्न केला. रुग्णालयांत उंच फळ्यांवर फक्त छताकडून दिसतील अशी चित्रं ठेवली. २०१४ मध्ये आलेल्या निष्कर्षांत २,०६० हृदयबंदच्या घटना होत्या आणि वाचलेल्यांपैकी १४० जणांशी बोलता आलं. पाहिल्या-ऐकल्याचं स्पष्ट वर्णन दोघांनी केलं, एकाचं पडताळून बरोबर निघालं. पण या दोघांच्या खोलीत फळीच नव्हती. पुढच्या, २०२३ मधल्या अभ्यासात ५६७ घटनांपैकी ५३ जण वाचले आणि २८ जणांच्या मुलाखती झाल्या. चित्र कुणीही ओळखलं नाही. छाती दाबण्याचे प्रयत्न चालू असताना काहींच्या ईईजीवर तासाभरानेही जाणिवेशी जुळणाऱ्या लहरी दिसल्या, हे मात्र नवीन होतं. ज्यांनी आठवणी सांगितल्या त्यांच्या ईईजीच्या नोंदी नव्हत्या, त्यामुळे दोन्ही टोकं जोडता आली नाहीत.

आत्म्याचं वजन २१ ग्रॅम असतं हे खरं का?

नाही. १९०७ मध्ये डंकन मॅक्डूगल या अमेरिकी डॉक्टरने सहा मरणासन्न रुग्णांना तराजूवर ठेवून निष्कर्ष छापले. तो आकडा एकाच रुग्णाचा आहे, बाकीच्यांत तो आला नाही.

म्हणजे आत्मा नाही, असं विज्ञानाने सिद्ध केलं का?

तसंही नाही. या अनुभवांचे तुकडे मेंदूच्या ज्ञात कामांतून समजावता येतात. काही प्रयोगशाळेत घडवताही येतात. ते तुकडे एकत्र येऊन एवढा सलग, अर्थपूर्ण अनुभव कसा बनतो, याचं पूर्ण चित्र तयार नाही. मार्शियल आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये रक्तातले वायू, चेतापेशींची रसायनं आणि मानसिक प्रतिसाद यांची साखळी मांडून तसं चित्र रेखाटलं आहे. त्यातले बरेच दुवे अजून तपासायचे आहेत. मेंदूशिवाय जाणीव असते असं मानायला मात्र आजवर एकही पक्का पुरावा हाती नाही. श्रद्धा हा ज्याचा त्याचा प्रश्न. तिला आधार म्हणून या हकिकती पुढे करताना निदान वेळ आणि पडताळणी यांबद्दल प्रामाणिक असावं, एवढीच माझी अपेक्षा आहे.

आमच्या घरातल्या माणसाला असा अनुभव आला आहे. त्याच्याशी कसं बोलावं?

आधी पूर्ण ऐकून घ्या. ‘भास झाला असेल’ म्हणून तोडू नका आणि ‘तुम्हाला साक्षात दर्शन झालं’ म्हणून त्यांना मखरातही बसवू नका. लिएजच्याच गटाने २०१३ मध्ये दाखवलं, की या आठवणी खऱ्या घटनांच्या आठवणींपेक्षाही तपशीलवार आणि ठसठशीत असतात. म्हणजे ती व्यक्ती खोटं बोलत नाही, तिने ते खरोखर अनुभवलं आहे. कित्येकांची मरणाची भीती यानंतर कमी होते. काहींचा अनुभव मात्र भयंकर असतो. पोकळीत एकटं पडणं, ओढत नेलं जाणं असं ते सांगतात, आणि बऱ्याचदा लाजेने सांगतच नाहीत. आयसीयूतून आल्यावर कुणी गप्प राहू लागलं, झोपायला घाबरू लागलं, तर मुद्दाम विचारा. आठवडे उलटूनही त्रास कमी झाला नाही तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

मला आजारपण नसतानाही मधूनमधून शरीराबाहेर गेल्यासारखं वाटतं. डॉक्टरांकडे जावं का?

झोपेत जाताना किंवा उठताना क्वचित होत असेल तर सहसा काळजीचं कारण नसतं. जागरणं टाळा, उताणं झोपू नका, पुष्कळांना तेवढ्याने फरक पडतो. दिवसाढवळ्या वारंवार होत असेल, त्यासोबत काही क्षण शून्यात बघणं, विचित्र वास येणं, ओठ चावले जाणं किंवा मधला वेळ न आठवणं असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांकडून ईईजी करून घ्या, कारण अपस्माराची सुरुवात अशीही होते. चक्कर, कानात आवाज किंवा तोल जाणं असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. घेरी येऊन पडत असाल तर हृदयाची तपासणी आधी करा. डॉक्टरांना सांगताना ‘चक्कर येते’ एवढंच म्हणून थांबू नका. शरीराबाहेर गेल्यासारखं वाटलं तेही सांगा, किती वेळ टिकलं आणि त्याआधी काय करत होता तेही.